विश्लेषण : तमाशातल्या मायलेकींचा वारसा पुढे कोण चालवणार?

चैत्र लागला की लोणी देवकर, इंदापूर, बारामती या पट्ट्यात यात्रांचे दिवस सुरू होतात. यात्रा कमिटीची माणसं नारायणगावात मांडलेल्या तमाशा फडांच्या राहुट्या गाठतात आणि सुपारी ठरवतात. यातल्या अनेक फडांना बाईचं नाव असतं. ही नावं आणि त्यांची कला आजवर मुख्यतः आईकडून लेकीकडे आली. आता मात्र ही साखळी सैल होत आहे.

तमाशात बाई कधी आली?
पूर्वी स्त्री भूमिका नाच्या पोऱ्या करायचा. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेल्या पवळाबाई हिवरगावकर या तमाशातल्या पहिल्या स्त्री कलावंत मानल्या जातात. पुढे बाई नुसती नाचली नाही, ती फडाची मालकीणही झाली.

नारायणगावकरांच्या घरात काय घडलं?
नारायण खुडे यांच्यापासून या घराचा तमाशा सुरू झाला. मुलगे भाऊ-बापू यांनी तो वाढवला. भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म 1935, पंढरपूर. भरल्या पोटी त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, तंबूमागे बाळंत झाल्या आणि दगडानं नाळ तोडून पुन्हा प्रेक्षकांसमोर गेल्या, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही त्यांची अखेरची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. जानेवारी 2002 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार पुढे त्यांची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. मंगलाताईंनी स्वतःचा फड उभा केला. मुलगा नितीनकुमार त्यात त्यांच्यासोबत आहे.

आई लेकीला नेमकं काय देते?
हे शिक्षण वहीत नसतं. वगाचं कथानक ठरलेलं असलं तरी बरेच संवाद बोर्डावरच सुचतात. गवळणीत मावशीला काय उत्तर द्यायचं, ढोलकीच्या थापेवर कुठं थांबायचं, मागच्या रांगेतली शिट्टी हसत कशी परतवायची, हे पोर विंगेत बसून रात्रीमागून रात्री पाहते. शिवाय सुपारी, कलावंतांची उचल, ट्रकचं भाडं हा हिशेबही तिथंच शिकते.
संगीत बारीत बैठकीची लावणी असते. एकच ओळ वेगवेगळ्या अदांनी खुलवायची असते. यमुनाबाई वाईकरांना लावणीचे पहिले धडे आईकडूनच मिळाले. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या.

मग साखळी का तुटतेय?
पहिलं कारण आईच. आपल्या वाट्याला आलं ते लेकीच्या वाट्याला येऊ नये, असं अनेकींना वाटतं. टाळ्या वाजवणारं गाव या बाईला घरची सून करून घेत नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात या घरांतल्या मुलांची फरफट दिसते. दुसरं कारण शाळा. फड रोज गाव बदलतो, मग पोर कुठल्या वर्गात बसणार? तिसरं कारण पैसा. हंगाम संपला की पुढची उचल घ्यावी लागते. 2020 आणि 2021 मध्ये यात्राच बंद राहिल्या आणि कर्ज वाढलं. त्यात प्रेक्षक सिनेमाची गाणी मागतात आणि वग आखडत जातो.

घराबाहेरच्या मुली शिकू शकतात का?
शिकतात. इंदापूरशेजारच्या माळशिरस तालुक्यातल्या अकलूजच्या लावणी स्पर्धेनं अनेक कलावंतांना नाव मिळवून दिलं. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचं रीतसर शिक्षण मिळतं. पण वर्गात लावणी बसवता येते, वग नाही. त्याला हजारोंची गर्दी आणि सलग रात्री लागतात. म्हणजे फड टिकले तरच शिकणाऱ्यांना जागा राहील.

गावाच्या हातात काय आहे?
तमाशातल्या घरात जन्मली म्हणून मुलीनं नाचलंच पाहिजे, असं नाही. मात्र जिला ही कला हवी आहे, तिला पोट भरता यावं आणि मान मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे. यंदा सुपारी देताना कमिटीनं 'वग पूर्ण झाला पाहिजे' एवढी अट घालावी, ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत आणि कलावंतांच्या राहण्याची नीट सोय करावी. एवढं तर कोणत्याही गावाला जमेल.