फॉरवर्ड करण्यापूर्वी : विनोद, अफवा आणि खासगीपण

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे एक छायाचित्र जगभर फिरले. पांढऱ्या शुभ्र, फुगीर, एखाद्या महागड्या दुकानाच्या काचेत शोभावा अशा कोटात पोप महोदय चालले आहेत, असे ते चित्र होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संगणकावर ते रचलेले होते; तसा कोट पोप महोदयांनी कधी अंगात घातलाच नव्हता. लाखो लोक हसले आणि लाखो लोकांना ते खरेही वाटले. पुढे २४ जानेवारी २०२४ रोजी, पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या सणाच्या दिवशी, संपर्कमाध्यम दिनानिमित्त दिलेल्या संदेशात पोप महोदयांनी अशा बनावट चित्रांचा उल्लेख केला आणि आपणही त्यांचा विषय झालो असल्याचे नमूद केले. त्या कोटावर त्यांनी पोलिसांत फिर्याद केली नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

प्रिय वाचकहो, आमच्या धर्मग्रामांतील लहानथोर आता मोबाइलवर बातम्या वाचतात, त्यांवर मते देतात आणि विनोदही करतात. त्याबरोबर काही प्रश्न वारंवार कानी येतात. एखादा विनोद पुढे पाठविला तर गुन्हा होतो काय? ग्रुपमध्ये दुसऱ्याने काही भलतेच टाकले तर ॲडमिनला पोलीस धरतात काय? आमचे संदेश सरकार वाचते काय? आणि शहरात काही गडबड झाली की इंटरनेट कोण बंद करतो? या प्रश्नांची उत्तरे कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधारे देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ आपल्याच राज्यातील एका घटनेपासून करू. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई परिसरात व्यवहार बंद राहिले. पालघर येथील एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो आपल्याला आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. मजकूर लिहिणारी एक वेळ सोडा. केवळ एक बटण दाबणारी मुलगीही आरोपी ठरली! देशभर टीका झाल्यावर संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे तो खटलाही मागे पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकारास मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. पालघर म्हणजे आपल्या वसईकर बांधवांचा शेजार. तेथील अनेक कुटुंबांनी त्या आठवड्यात आपल्या मुलामुलींना फेसबुक बंद करावयास सांगितले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या अटकेमागे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम होते. २००८ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले आणि ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. अत्यंत अपमानकारक मजकूर, किंवा खोटा असल्याचे ठाऊक असूनही कोणास त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठविलेला मजकूर, यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. आता अपमानकारक म्हणजे काय आणि गैरसोय कोणाची, हे ठरवावयाचे कोणी? तर ठाण्यातील अंमलदाराने! पालघरच्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांनी हे संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे, आणि शासनाचा हात तिसरीपाशी सुरू होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. रद्द झालेल्या या कलमाखाली त्यानंतरही कित्येक वर्षे गुन्हे नोंदविले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास ते थांबविण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. मेलेले कलम ठाण्याच्या रजिस्टरात मात्र जिवंत, असा हा प्रकार!

मग आता काहीही लिहावयास मोकळीक आहे काय? तसे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचे २९९ वे कलम, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे २९५अ, धार्मिक भावना दुखावण्यासंबंधी आहे. परंतु त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेले कृत्य अभिप्रेत आहे; सहज केलेली थट्टा त्यात बसत नाही. दंगल पेटावी म्हणून अफवा पसरविणे हा ३५३ व्या कलमाखालील निराळा गुन्हा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. धर्मगुरूंच्या झग्यावर, आपल्या उपासनेवर वा एखाद्या चित्रपटातील ख्रिस्ती पात्रावर विनोद झाला की आमच्यातील काही उत्साही मंडळी निवेदने घेऊन पोलीस ठाण्याकडे निघतात. आम्हांस ही घाई योग्य वाटत नाही. आपण संख्येने अल्प आहोत. ज्या कलमाची काठी आज आपण मागून घेऊ, तीच उद्या आपल्या प्रवचनकारांवर व प्रचारकांवर उगारली जाते, आणि तेव्हा भावना कोणाच्या दुखावल्या हे ठरविणारे आपण नसतो. द्वेष आणि धमकी यांविरुद्ध जरूर तक्रार करावी, विनोदाविरुद्ध नव्हे.

विनोदाला श्रद्धेचे वावडे नाही, हे आमच्या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. पैठणच्या संत एकनाथांनी भारुडांतून सोंगे उभी केली आणि लोकांना हसवीत हसवीत त्यांचे दोष दाखविले. रोममध्ये त्याच शतकात संत फिलिप नेरी यांची आनंदी वृत्ती प्रसिद्ध होती. ख्रिस्तसभेचा या बाबतीतील इतिहास सर्वस्वी उजळ आहे असेही नाही. निषिद्ध ग्रंथांची अधिकृत सूची पोप चौथे पॉल यांनी १५५९ मध्ये जाहीर केली आणि तिचा कायदेशीर अंमल संपल्याचे १४ जून १९६६ रोजी जाहीर झाले. मधली चारशे वर्षे काय वाचावे आणि काय वाचू नये हे ती सूची सांगत होती. योगायोग असा, की १४ जून याच तारखेस, २०२४ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलाविले आणि जिवलगांशी आपण जशी थट्टा करतो तसे देवासमोरही हसता येते, अशा आशयाचे विचार मांडले.

विनोदाची गोष्ट वेगळी आणि अफवेची वेगळी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते; सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आलेले. त्यापूर्वी काही दिवस मुले पळविणाऱ्यांविषयीचे संदेश मोबाइलवरून फिरत होते. आमच्याच वैजापूर तालुक्यातही त्याच वर्षी जून महिन्यात, चोरांच्या अफवांच्या भरात जमावाने केलेल्या मारहाणीत प्राणहानी झाली. हे संदेश पाठविणारे बहुसंख्य लोक दुष्ट नव्हते. आपली मुले सुरक्षित राहावीत म्हणून आईबापांनीच ते एकमेकांना पाठविले होते. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला मोठे वन पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा आहे. आता जीभ हलविण्याचेही कष्ट उरले नाहीत, अंगठा पुरतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी केवळ पाच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. ती खूण दिसली की एवढेच समजावे, की पाठविणाऱ्याने तो मजकूर स्वतः लिहिलेला नाही आणि बहुधा तपासलेलाही नाही.

ॲडमिनविषयीचे भय मात्र बरेचसे अनाठायी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात निर्णय दिला, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणास गुन्हेगार ठरविता येत नाही. दोघांचा समान हेतू वा पूर्वनियोजित कट असल्याचे दिसले पाहिजे. सभासद घेणे आणि काढणे एवढाच ॲडमिनचा अधिकार, असे न्यायालयाने मानले. संदेश उमटण्यापूर्वी तो तपासण्याची सोय त्याच्यापाशी नसते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. धर्मग्रामाच्या ग्रुपची जबाबदारी नको म्हणणाऱ्या तरुणांनी हा निर्णय अवश्य जाणून घ्यावा. (सकाळी सहापासून सुप्रभाताची फुले पाठविणाऱ्यांना काढून टाकण्याचा अधिकारही ॲडमिनला आहे, पण तो वापरण्याचे धैर्य अद्याप कोणी दाखविलेले नाही.)

इंटरनेट बंद होण्याचा अनुभव आमच्या शहराला चांगलाच आहे. मे २०१८ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली तेव्हा सेवा बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात छत्रपती संभाजीनगर, जालना व बीड या जिल्ह्यांत ती पुन्हा काही काळ थांबविण्यात आली. हा आदेश कोण देतो? पूर्वी जमावबंदीच्या १४४ कलमाखाली जिल्हा प्रशासनही देत असे. ऑगस्ट २०१७ मध्ये १८८५ च्या तार कायद्याखाली स्वतंत्र नियम झाले आणि राज्यात हा अधिकार गृहसचिवांकडे गेला; आदेशाची छाननी करण्यासाठी समितीही ठरली. १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरमधील बंदीसंबंधीच्या अनुराधा भसीन प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते अनिश्चित काळासाठी असू नयेत आणि संकटाच्या प्रमाणातच असावेत. अफवा थांबविणे हा हेतू समजण्यासारखा आहे. पण सेवा बंद झाली की अफवेबरोबर अफवेचे खंडनही थांबते, आणि मोबाइलवर पैसे घेणाऱ्या भाजीवाल्याची त्या दिवसाची विक्री बुडते. गॅस, औषधे, परीक्षेचे अर्ज सारेच अडते. त्यामुळे आदेश कोणी, कोणत्या कारणासाठी आणि किती काळासाठी काढला, हे विचारण्याचा नागरिकांस अधिकार आहे.

आता संदेश कोण वाचतो ते पाहू. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी केंद्र शासनाने मोठ्या कंपन्यांना संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्यास बांधले. त्याविरुद्ध व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि हे कुलूप मोडावयास लावल्यास आम्हांस येथून जावे लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. तथापि कुलूप कितीही मजबूत असले तरी समोरच्याच्या हातातील किल्लीचे काय? ज्याला आपण लिहितो तोच पडद्याचे छायाचित्र काढून दहा जणांना पाठवितो. आमच्या पाहण्यात खासगीपणाचा भंग दिल्लीहून होतो त्याहून अधिक शेजारच्या घरातून होतो.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. निमित्त होते आधारचे. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी ते आव्हान दिले होते. या आधारचा आरंभही महाराष्ट्रातलाच, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झालेला. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आणीबाणीतील १९७६ चा एक निर्णय चुकीचा ठरविला. त्या निर्णयाशी सहमत झालेल्या न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घराण्यातील ही गोष्ट नव्या पिढीस ठाऊक असावी.

ख्रिस्तसभेची शिकवण या विषयात नवी नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे २२० वे कलम प्रत्येकाच्या सुकीर्तीचे आणि खासगीपणाचे रक्षण करते. आठव्या आज्ञेचे विवरण करताना धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४७७) तीन अपराध वेगळे करतो : पुराव्याविना कोणास दोषी मानणे, खोटे बोलून बदनामी करणे, आणि दुसऱ्याचा खरा दोष योग्य कारणावाचून तिसऱ्यास सांगणे. तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘पण फादर, ते खरेच आहे!’ हे उत्तर पापनिवेदनात नेहमी ऐकू येते. ते खरे असणे हीच या अपराधाची व्याख्या आहे. अमुक मुलीचे लग्न का मोडले, अमुक घरात दारू कशी आली, ही माहिती कितीही खरी असो, ग्रुपवर टाकणाऱ्यास तिच्या खरेपणाचा आधार घेता येत नाही.

प्रार्थनेच्या विनंत्यांचेही तसेच. आजाऱ्यासाठी प्रार्थना मागताना त्याचे नाव पुरे. आजाराचे नाव, रुग्णालयाचा कागद, अतिदक्षता विभागातील छायाचित्र यांची परमेश्वरास आवश्यकता नसते. क्षयरोग असो की मनोविकार, ती बातमी एकदा पसरली की रुग्णाचे काम सुटते वा बहिणीचे स्थळ परत जाते. प्रथम ख्रिस्तशरीर ग्रहणाच्या मुलांची नावे, जन्मतारखा व शाळा यांच्या याद्याही जाहीर माध्यमावर देऊ नयेत. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांची संमती सांगितली आहे.

पापनिवेदनाविषयीचा नियम मात्र सर्वांत कठोर आहे. धर्मगुरू मुद्रा मोडूच शकत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुधारित कॅनन १३८६, जो ८ डिसेंबर २०२१ पासून अमलात आहे, तो आणखी पुढे जातो : पापनिवेदनात धर्मगुरू वा पश्चात्तापी जे बोलतो ते कोणत्याही यंत्राने ध्वनिमुद्रित करणारा, किंवा माध्यमांतून उघड करणारा, कोणीही असो, शिक्षेस पात्र होतो. ते पापनिवेदन खोटे, केवळ नाटक म्हणून केलेले असले तरीही! तेव्हा गंमत म्हणून खिशात मोबाइल चालू ठेवून पापनिवेदनास जाणाऱ्या तरुणांनी हे जाणावे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. स्नानसंस्काराच्या वा विवाहाच्या दाखल्यासाठी अर्ज करताना अनेक जण आधार कार्डाचे छायाचित्र धर्मग्रामाच्या ग्रुपवरच पाठवितात, तेथे ते शे-दोनशे जणांच्या फोनमध्ये साठते. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते. ओळख पटविण्यासाठी बहुतेक ठिकाणी ती चालते. ती कागदावर छापून घेऊन कार्यालयात यावे आणि काम झाल्यावर परत मागून घ्यावी.