थोडं पाणी, भरपूर पाणी

गळीत हंगाम जवळ आला की साखर कारखान्याच्या गोदामात कळीच्या चुन्याची पोती येऊन पडतात. रसाची आम्लता मोडायला आणि गाळ खाली बसवायला तो लागतोच. चुनखडी 900 अंशांच्या आसपास भाजून केलेल्या या चुन्याला पाण्याची भूक असते. 1 किलो चांगला चुना विरताना जेवढी उष्णता सोडतो, तेवढ्यात 3 लिटर गार पाण्याला उकळी फुटावी. म्हणून अंगावर चुना उडाला तर पाणी लावू नये, असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि डोळ्याच्या बाबतीत तर घातक. धोका असतो तो थोड्या पाण्याचा. विरवण्याच्या टाकीत आधी पाणी आणि मग थोडाथोडा चुना, हा क्रम त्यासाठीच. कोरड्या ढिगावर बादली ओतली तर आतल्या आत वाफ कोंडते आणि उकळता चुना थेट तोंडावर उसळतो. घाम हेही थोडंच पाणी. मानेवर, कमरपट्ट्याखाली, हातमोज्याच्या आत मनगटावर चुना भाजतो तो त्यामुळे. सांडलेला चुना फावड्याने कोरडाच उचलायचा, पाइप मारायचा नाही. उचलायला ॲल्युमिनियमचं घमेलंही नको, कारण ओल्या चुन्याशी त्या धातूची गाठ पडली की हायड्रोजन सुटतो.

आता डोळा. पाणी घातलं तर उष्णता वाढेल, ही शंका वाजवी वाटते. पण डोळा मुळातच ओला आहे, चुना विरायला तिथे सुरुवात झालेलीच असते. धार सोडली की उष्णता आणि चुना दोन्ही वाहून जातात. शिवाय उष्णता निवली तरी काम संपत नाही. विरलेल्या चुन्याचा पीएच 12.4 च्या घरात असतो. आम्लाने भाजलेल्या जागी प्रथिनं गोठून थर धरतो आणि आम्लाला थोडंफार अडवतो. अल्कली मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करत खोल उतरते. त्यात चुना विरघळतो लिटरला जेमतेम दीड ग्रॅम, त्यामुळे कण पापणीखाली चिकटून राहतो. वरची पापणी उलटून तो काढायचा, निदान अर्धा तास धुवायचं, दवाखान्याच्या वाटेवरही धार थांबवायची नाही. लिंबू किंवा व्हिनेगर शोधण्यात वेळ जातो, आणि अल्कलीशी आम्लाची गाठ पडली की पुन्हा उष्णताच. त्वचेवर मात्र आधी चुना झटकायचा, मगच भरपूर पाणी.

‘आम्ही वर्षानुवर्षं चुना हाताळतोय’ हे उत्तर कोरड्या हातापुरतं खरं. चष्म्याची सोय तर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 35 नेच मालकावर टाकली होती. तो हवाच, आणि कडेने बंद असलेला हवा. पण टाकीच्या वाफेत काच धूसर होते, माणूस चष्मा कपाळावर चढवतो. त्या क्षणी उपयोगी पडेल ते हाताशी असलेलं पाणीच. गंमत अशी की उसात सुमारे 70 टक्के पाणी असल्याने साखर कारखान्यात पाण्याला तोटा नसतो, पण सहज मिळतं ते कढत कंडेन्सेट, म्हणजे रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी. डोळे धुण्याच्या नळाला ते जोडणं म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजणं. नळ टाकीपासून 10 सेकंदांच्या अंतरावर हवा, पाणी 16 ते 38 अंशांमधलं हवं, असं अमेरिकी मानक सांगतं. आणि एकदा उघडला की नळ आपोआप चालू राहायला हवा. कारण मिटू पाहणाऱ्या पापण्या ताणून धरायला दोन्ही हात लागतात.