मुंबईचे छोटे धंदे आणि लोकसंस्था : त्या टिकतात कशाने?



मुंबई आपल्याला परकी नाही. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून तिच्या नळाला जाते; मागाहून भातसाचेही जाऊ लागले. पहाटेच्या कसारा लोकलने आटगाव-आसनगावची माणसे तिथे कामाला जातात. मुरबाडचा माणूस एस.टी.ने कल्याण गाठतो आणि पुढची गाडी धरतो. पाणी आपण देतो, माणसे आपण देतो, आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहत बसतो. ही तक्रार खरी आहे आणि ती करीत राहिलेच पाहिजे. पण आज मला उलटा प्रश्न विचारायचा आहे : त्या शहराकडून आपल्याला घेण्यासारखे काय आहे?

तिथल्या मोठ्या पेढ्यांविषयी मी बोलणार नाही. त्यांची माहिती वर्तमानपत्रे देतातच. माझा विषय खानावळ, जेवणाचे डबे, पापड, किराणा आणि हमालांची टोळी हा आहे. अंगमेहनतीशिवाय दुसरे भांडवल नसलेल्या माणसांनी हे धंदे आणि त्यांच्याभोवतीच्या संस्था उभ्या केल्या. मी कॉलेजात गेलेलो नाही. युनियनच्या कामात जे पाहिले आणि वाचनालयात बसून जे वाचले, तेवढ्याच आधारावर बोलतो आहे.

कुठलीही संस्था पुढे आली की मी तिला चार प्रश्न विचारतो. सभासद कोण? पैसा कोणाचा? हिशेब कोणापुढे वाचला जातो? आणि नफा किंवा तोटा कोणाच्या पदरी पडतो? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की संस्थेची कुंडली हाती आली असे समजावे. मुंबईची काही उदाहरणे याच प्रश्नांवर तपासून पाहू.

प्रथम गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून माणसे गिरणीत आली, तेव्हा कुटुंब आणण्याची ऐपत नव्हती. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, ट्रंका भिंतीला लावायच्या आणि पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा. या गावकीच्या खोल्यांना गाळा म्हणत. महिन्याची वर्गणी ठरलेली असे. त्यातून भाडे जाई, आजाऱ्याला गावी पोहोचवण्याचा खर्च निघे, आणि उरले तर गावच्या शाळेला किंवा देवळाला धाडले जाई. जेवणासाठी खानावळ. ती चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराच्याच घरची. ती महिनाभर जेवू घाली आणि पगार झाला की पैसे घेई. मधले तीस दिवस ती वाण्याकडून उधार आणी, नाहीतर सावकाराकडून व्याजाने पैसे काढी. म्हणजे गिरणीचे चाक फिरण्यासाठी लागणारे एक महिन्याचे भांडवल गिरणीमालकाचे नव्हते. ते या बाईच्या डोक्यावरचे कर्ज होते.

कामगारांच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण पुढाऱ्यांची नावे घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. आपल्या ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये नेली. १९२८ मध्ये सहा महिन्यांचा संप झाला, आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. परंतु सहा महिने पगाराशिवाय माणूस जगतो कसा? वाण्याच्या वहीवर, खानावळवालीच्या उधारीवर आणि गावाकडून आलेल्या पोत्यावर. संपाचा खरा कोठार तोच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही पहिला भार याच वह्यांनी उचलला. तो संप लांबला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर खानावळी आणि दुकानेही बसली. एका नळावर सारी वस्ती अवलंबून असेल, तर नळ बंद होताच सगळेच तहानेले राहतात. ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको.

खानावळवालीच्या कर्जावर उपाय निघाला तो १९७५ मध्ये. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. युक्ती साधी होती. एकट्या बाईला बँक दारात उभी करीत नव्हती. कारण तारण नव्हते. मग बायकांचे गट केले आणि एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहिली. शेजारीण रोज पाहते की कोणाच्या चुलीवर किती भाकरी होतात. तिच्याइतकी पक्की चौकशी बँकेचा साहेब करू शकत नाही. सोन्याऐवजी ओळख तारण ठेवली गेली. सावकाराचे व्याज सुटले, आणि तेवढा पैसा घरात राहिला.

दुसरे उदाहरण डबेवाल्यांचे. हे लोक आपले शेजारीच. मुरबाडहून माळशेज घाट चढला की पलीकडे जुन्नर. तिथले, तसेच आंबेगाव, खेड आणि मावळचे शेतकरी या धंद्यात आहेत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये याची घडी बसवली, आणि १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेची विश्वस्त निधी म्हणून नोंदणी झाली. त्यांच्या बिनचूकपणाची कीर्ती परदेशात गेली आहे. रंगाच्या आणि अक्षरांच्या खुणांवर डबा घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी कसा जातो, हे आपण ऐकले असेल. माझे लक्ष मात्र त्यांच्या वाटणीकडे जाते. वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्यावर एक मुकादम. महिन्याची सारी कमाई गटाची. तीतून सायकल, रेल्वेचा पास, संस्थेची वर्गणी असा खर्च वजा करायचा, आणि राहील ते सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. एक माणूस आजारी पडला तर त्याचे डबे दुसरे उचलतात; कारण डबा चुकला तर गिऱ्हाईक सगळ्यांचेच तुटते. प्रामाणिकपणा हा त्यांच्या स्वभावात असेलच, पण तो त्यांच्या हिशेबातही बसवलेला आहे. २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल बंद झाली, कचेऱ्या घरी गेल्या, आणि या धंद्याला जबर फटका बसला. पुष्कळ जण गावी शेतीवर परतले. वाटणीची पद्धत कितीही चोख असली तरी गिऱ्हाईकच नाहीसे झाले तर ती एकटी पुरत नाही. तिथे संकटासाठी बाजूला ठेवलेला निधी लागतो.

तिसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या पैशावर पापड लाटायला घेतले. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रीत अशी की सकाळी शाखेतून मळलेले पीठ घ्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी घेऊन पुन्हा पीठ न्यायचे. प्रत्येक बहीण मालकीण. नफा आला तर वाटून घ्यायचा आणि तोटा आला तर तोही वाटून सोसायचा. देणगी घ्यायची नाही हा नियम पहिल्यापासूनचा. आज चाळीस हजारांहून अधिक बहिणी त्यात आहेत. देणगी नको म्हणण्यात मानीपणा आहे हे खरे. पण त्यात व्यवहारही आहे. देणगी देणारा पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, किंवा खुर्ची मागतो.

चौथे उदाहरण ग्राहकांचे. युद्ध संपले तरी धान्याची टंचाई संपली नव्हती. अशा वेळी १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत रेशनच्या दुकानापासून एका सहकारी संस्थेने आरंभ केला. तीच पुढे अपना बाजार म्हणून घराघरात माहीत झाली. सहकाराचा कायदा सांगतो की भाग किती का घेतलेले असेनात, सभासदाला मत एकच. पैशाच्या राज्यात ही केवढी क्रांती आहे! परंतु मताचा हक्क असून जो सभासद वार्षिक सभेला जातच नाही, त्याची संस्था हळूहळू चार जणांची होते. असे झाल्याची उदाहरणे शोधायला मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. पतसंस्था बुडाली की आपण संचालकांना शिव्या देतो. मात्र मागल्या पाच वर्षांचा ताळेबंद आपल्यापैकी किती जणांनी वाचला होता?

पाचवे उदाहरण माथाडी कामगारांचे, आणि माझ्या मते आपल्या तालुक्यांना सर्वांत जवळचे. पाठीवर पोते वाहणारा हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. मग त्याचा मालक कोण? प्रत्येक जण म्हणे, मी नव्हे. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याने प्रश्नच फिरवला. मालक एक नसला तरी बाजार तर एक आहे! म्हणून त्या त्या धंद्यासाठी एक मंडळ नेमायचे. त्यात मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी. हमालांची टोळी मंडळात नोंदवायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी मंडळाकडे भरायची. त्या वरच्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधपाणी यांची सोय होते. आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्या माणसालाही म्हातारपणाचा आधार देता येतो, हे या कायद्याने दाखवून दिले.

आता आपल्या दारात या. मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने भिवंडीपासून आपल्या शहापूरपर्यंत गोदामे उभी राहिली. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. मुंबईचा माल आता आपल्या शिवारात उतरतो. एका गोदामात चार वर्षे काम केलेल्या तरुणाला मी विचारले, ‘‘बाबा, तुझा मालक कोण?’’ त्याने खिशातला मोबाईल काढून ठेकेदाराचा नंबर दाखवला. मालक म्हणून त्याच्याजवळ दहा आकडे होते. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, आणि बरोबर काम करणाऱ्या मुलांची पुरती नावेही ठाऊक नाहीत. गाळ्यात झोपणारा अशिक्षित कामगार याच्यापेक्षा श्रीमंत होता असे मला वाटते. कारण आजारी पडल्यास आपल्याला गावी कोण नेईल, हे त्याला माहीत होते.

आपल्याकडे संस्थांची वाण नाही. गणेशोत्सव मंडळे आहेत, क्रिकेटचे संघ आहेत, बायकांचे बचत गट आहेत, भिशी आहे. म्हसोबाच्या जत्रेला म्हशाला हजारो माणसे जमतात आणि त्यांची व्यवस्था लागते. तेव्हा एकत्र येण्याचे अंग आपल्यात नाही असे कोणी म्हणू नये. उणीव आहे ती या शक्तीला पोटापाण्याच्या प्रश्नाशी जोडण्याची. दहा दिवसांसाठी घरोघर वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांनी तीच पावतीपुस्तके घेऊन गोदामात कामाला जाणाऱ्यांची नुसती यादी केली तरी पुष्कळ झाले. कोण, कुठे, किती तास, किती रोज, कोणत्या ठेकेदाराकडे, हे लिहावे. लादणे-उतरवणे हे माथाडी कायद्याच्या यादीत बसणारे काम असेल तर नोंदणी मागावी. नसेल तर किमान वेतनाचा आणि भविष्य निर्वाह निधीचा हक्क आहे, तो मागावा. बचत गटांनी त्या कामगारांच्या डब्याचा धंदा हाती घ्यावा. जामीनकीची रीत त्यांना येतेच. आणि प्रत्येक संस्थेने, मग ती पाच जणांची का असेना, महिन्यातून एकदा जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर अवश्य वाचावा.

मुंबईच्या या उदाहरणांत पुढारी वेगळे, धर्म-जाती वेगळ्या, भाषाही वेगळ्या. सारखी गोष्ट एकच : पैसा सर्वांचा आणि वही उघडी. वही मिटली तिथे एकोपा फार दिवस राहत नाही. आज घरी जाताना आपापल्या गल्लीतल्या एखाद्या मंडळाची, गटाची किंवा पतसंस्थेची आठवण करा आणि ते चार प्रश्न तिला विचारा. उत्तर द्यायला कोणी कचरला, तर पुढच्या सभेला दोन माणसे बरोबर घेऊन जा.