शिक्षकाचे घर व अपत्यसुख

शाळाभेटीच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना शिक्षकांच्या घरी घटकाभर बसण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. अशा वेळी एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. दिवसभर वर्गातील मुलांशी हसतमुखाने वागणारा शिक्षक घरी येताच स्वतःच्या मुलास पहिला प्रश्न विचारतो तो 'गृहपाठ झाला का?' हा. दुसरा प्रश्न पाढ्यांचा, आणि तिसरा बहुधा शिष्यवृत्तीच्या अथवा नवोदयच्या परीक्षेचा. मूल उत्तरे देते व आपली सुटका करून घेते. अशा घरांत प्रेमाची उणीव असते असे मुळीच नाही. परंतु मुलांच्या सहवासाचे सुख म्हणून जे म्हणतात, ते 'मुले मार्गी लागली की', 'सोयीच्या गावी बदली झाली की', अशा कोणत्या तरी पुढच्या तारखेवर टाकलेले असते. ती तारीख उजाडते तेव्हा मुले शिक्षणासाठी परगावी गेलेली असतात.

हे सुख रोजच्या सामान्य कामांत कसे दडलेले असते व ते आपल्या हातून का निसटते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. (हे परिपत्रक नव्हे; ह्याचा अहवाल कोणीही मागविणार नाही.)

कोणत्याही घरातील सकाळ घ्या. आई भाकऱ्या थापीत असते, वडील निघण्याच्या घाईत असतात, आणि चार वर्षांचे मूल हट्ट धरते की, ओगराळ्याने माठातले पाणी तांब्यात मीच भरणार. ते भरते, निम्मे पाणी जमिनीवर सांडते, फडके आणून पुसते, आणि पुसून झाले की तांब्या रिकामा करून पुन्हा भरावयास लागते! येथे मोठ्यांचा संयम सुटतो. मूल मुद्दाम छळते आहे, असे वाटते. वस्तुतः तसे नसते. डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो ह्या गरिबांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांचे निरीक्षण करताना त्यांना आढळले की, मोठ्या माणसाची दृष्टी काम उरकण्याकडे असते, तर मुलाचे सारे लक्ष प्रत्यक्ष कृतीत असते. पाटी स्वच्छ झाली तरी ते ती पुन्हा धुते, कारण त्याला धुणे साधावयाचे असते. घरात होणाऱ्या कटकटींपैकी कितीतरी कटकटी ह्या दोन गतींच्या टकरीतून उद्भवतात. ज्याला हे उमगले त्याचा राग निम्मा ओसरतो, आणि रागाच्या जागी कुतूहल येते. आईबापांच्या सुखाचा आरंभ, माझ्या मते, ह्या कुतूहलातच आहे.

ह्या बाबतीत भावनगरचे गिजुभाई बधेका ह्यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते व्यवसायाने वकील होते. १९१३ साली त्यांना पुत्र झाला, आणि ह्या बालकास कसे वाढवावे ह्या विचाराने ते बालशिक्षणाकडे ओढले गेले. १९१६ साली ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. म्हणजे भारतातील बालशिक्षणाच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम एका बापाच्या कुतूहलात आहे. आपण शिक्षक आहोत, तेव्हा चांगले पालक असणारच, असे आपण गृहीत धरतो. गिजुभाईंचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने ते नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने अशा भोवताली सापडणाऱ्या वस्तू योजिल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या घरातही ह्याहून अधिक सामग्री लागत नाही.

एका शिक्षकाच्या घरी संध्याकाळी वीज गेली असता मी बसलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या कुटासाठी शेंगा फोडावयाच्या होत्या. सारे कुटुंब सुपाभोवती बसले. सहा वर्षांची मुलगी तीन दाण्यांच्या शेंगा न फोडता निराळ्या ठेवीत होती. वडिलांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ह्यात आई, बाबा आणि मी आहे." चार दाण्यांची शेंग सापडल्यावर तिने तिच्यात आजीला बसविले. त्या शिक्षकास त्या क्षणी जे वाटले असेल ते मी सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र वीज आली असती, तर तो आपल्या मोबाईलवर माहिती भरीत बसला असता व मुलगी दुसऱ्या मोबाईलवर चित्रे पाहत बसली असती, एवढे निश्चित.

अशा बैठकीत भाषाही आपोआप वाहते. निवडणे, पाखडणे, चाळणे, मळणे ह्यांतील भेद पाठ्यपुस्तकातून शिकवावयास गेले तर तास पुरत नाही. जेवताना भाकरी मोडून दिली की अर्धी आणि चतकोर ह्या शब्दांबरोबर अपूर्णांकही ताटात येतात. परंतु येथे एक धोका आहे, आणि तो आम्हा शिक्षकांनाच अधिक. भाकरी मोडून झाल्यावर 'सांग पाहू, चार चतकोर म्हणजे किती?' असा प्रश्न आपल्या तोंडून निघालाच म्हणून समजावे! तो निघाला की घराचा वर्ग होतो आणि मूल ताटावरून केव्हा उठता येईल ह्याची वाट पाहू लागते. घरी मूल्यमापनास सुट्टी असावी.

शिक्षिका भगिनींविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. पहाटे उठून स्वयंपाक, नंतर शाळा, परत आल्यावर पुन्हा चूल व धुणेभांडी, अशी जिची दिनचर्या आहे तिला 'मुलांच्या गतीने काम करा' असा उपदेश करणे हा अन्याय होय. ज्या घरात सर्व कामे एकटीच्या अंगावर आहेत, तेथे मुलाचे सांडणे-लवंडणे कोणासही गोड वाटणार नाही. पुरुषांनी कामाचा खरा वाटा उचलला तरच तिला उसंत मिळेल; आणि त्या वाट्याबरोबर मुलांच्या सहवासाचाही वाटा पुरुषांस मिळेल, जो आज त्यांच्यापैकी कित्येकांस मिळत नाही. कर्ज, आजारपण, नापिकी ह्यांनी गांजलेल्या घरी सुखाच्या गोष्टी सांगत बसू नये, हेही खरे. तरीही अशा घरांतील मुले गोठ्यात, शेतात, पाणवठ्यावर आईबापांच्या बरोबरच असतात.

पालकसभेत ह्या विषयाचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. प्रगतिपत्रकावर सह्या घेण्यापूर्वी पालकांस एवढेच विचारावे की, 'तुमचे मूल घरी कोणते काम मीच करणार म्हणून हट्ट धरते?' एका गावी हा प्रश्न विचारला असता सभा प्रथम गप्प राहिली. नंतर पाठीमागे बसलेली एक माता उठून म्हणाली, "गुरुजी, आमचा पोरगा वासराला पाणी पाजल्याबिगर जेवत न्हाई. रोज आधी हात घालून बघतो, पाणी गार हाय का ऊन." वर्गात तोंडही न उघडणाऱ्या त्या मुलाविषयी त्याच्या गुरुजींस दोन वर्षांत हे ठाऊक नव्हते. मग इतर बायका बोलू लागल्या, आणि सभा संपवून मला गाडी गाठावयाची होती तरी त्या दिवशी गाडी चुकली.