स्पीकर संगणकाला, दिलासा कानाला

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत अनेक घरांचा एक कोपरा आता कार्यालय झाला आहे. दिवसभर बैठका, संध्याकाळी मुलांचे ऑनलाइन वर्ग, रात्री सिनेमा, आणि या साऱ्या वेळात कानात इअरफोन. संध्याकाळी कान जड वाटणे किंवा कानात शिट्टीसारखा आवाज येणे, ही त्याची पहिली सूचना असते.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे मज्जासंदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा उंच स्वर आधी हरवतात. त्यामुळे ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघी ४ तास होते.

म्हणून घरी, शांत खोलीत, इअरफोनऐवजी स्पीकर वापरणे कानाला सोयीचे. मात्र जोडणी नीट हवी. ‘पॉवर्ड’ स्पीकरमध्ये अँप्लिफायर आतच असतो, त्यामुळे वेगळा लागत नाही. ३.५ मिलिमीटरची पिन संगणकाच्या हिरव्या सॉकेटमध्ये घालावी. गुलाबी सॉकेट मायक्रोफोनचे असते. जोडताना स्पीकर बंद ठेवावा. आधी संगणक सुरू करावा, मग बटण शून्यावर ठेवून स्पीकर. बंद करताना स्पीकर आधी. हा क्रम चुकला की ‘धप्प’ असा दचकवणारा आवाज येतो. संगणकाचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून उरलेले काम स्पीकरच्या बटणाने करावे. संगणकाचा आवाज फार कमी ठेवून स्पीकर मोठा केला, तर खरखरही मोठी होते.

सतत घूं-घूं येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. आवाज थांबला, तर दोष बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांचा असतो. संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले की तो बऱ्याचदा जातो. न गेल्यास ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ वापरता येतो. पण त्यासाठी प्लगची वरची जाड पिन कधीही तोडू नये. ती अर्थिंगची पिन असते. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर तीच जीव वाचवते.

स्पीकर कानाच्या उंचीवर, साधारण हातभर अंतरावर, भिंतीपासून थोडे पुढे ठेवावेत. बैठकीत समोरच्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर मायक्रोफोन तोंडाजवळ आणावा व स्पीकर कमी करावा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर स्पीकर मोठा आहे असे समजावे. शेजाऱ्यांचाही विचार हवा: निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.

कान वाजणे दोन दिवसांत थांबले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्या आजारात उपचार जितके लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक.