कोण शिकलं, हे कोण ठरवतं?

जव्हार-मोखाड्याच्या मुलखात उन्हाळ्यात बोहाडा रंगतो. संबळ घुमतो, पिपाणी सूर धरते आणि देव-दानवांची सोंगं रात्रभर एकामागून एक येतात. डोक्यावर जड मुखवटा, तरी पाऊल ठेक्यावरच पडतं. बापाची चाल पोरगा बघूनबघूनच उचलतो. लेखी नियमावली नाही की शिकवणीचा वर्ग नाही. म्हातारे जातात, नवे येतात आणि सोहळा पुन्हा उभा राहतो.

माणसं बदलली तरी समूहाच्या अंगी कसब टिकून राहतं, वाढतं. व्यवस्थापनशास्त्र यालाच ‘संघटनेचं शिकणं’ म्हणतं. पण बोहाडा शोधायचा, तर लोककलेच्या कपाटात हात घालावा लागतो!

मुंबईचे डबेवाले मात्र अभ्यासकांना चटकन दिसले, कारण त्यांच्याकडे मोजता येण्यासारखं काही होतं: चुका. १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये त्यांच्या अचूकतेवर लेख आला आणि ‘सिक्स सिग्मा’चं बिरुद त्यांना कायमचं चिकटलं. गंमत म्हणजे, आपण तो शब्द वापरलाच नव्हता, असं लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे सांगितलं. २०१० मध्ये हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांनी डबेवाल्यांवर केस-स्टडी लिहिली. खुणांची लिपी, लोकलचं वेळापत्रक, एकाच मुलखातली नाती हे सगळं जगाच्या वर्गांत पोचलं.

पण डबा निघतो कुठून? स्वयंपाकघरातून. सकाळी डबेवाला दारात थांबत बसत नाही. त्याआधी पोळी-भाजी होऊन झाकण लागलेलं असतं. ही वेळ हजारो बायकांनी अंगी बाणवली, म्हणून पुढची साखळी चालते. चुकांचा हिशेब मात्र डबा उचलल्यावर सुरू होतो.

ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ च्या पुस्तकात दोन प्रकारचं शिकणं वेगळं केलं. चूक दुरुस्त करणं हे पहिलं. कशाला चूक म्हणायचं, हे ठरवणारी गृहीतकंच तपासणं हे दुसरं, आणि संघटनांना जड जातं ते हेच. विद्यापीठ हीसुद्धा एक संघटनाच! तिथला अभ्यासक अहवाल आणि आकडे यांतून शिकलेला असतो, म्हणून तशा खुणा जिथे दिसतात तिथेच त्याला शिकणं दिसतं.

यावर उपाय साधा आहे. ज्याच्यावाचून काम अडेल, त्या प्रत्येकाला संघटनेत धरायचं. मग संबळवाला आत येतो, पोळ्या लाटणारीही येते; आणि अभ्यासकाला आधी आपली मोजपट्टी मोजावी लागते.