हर्बल आहे गं, त्यानं काय होतंय!

मागच्या महिन्यात मीरा रोडला लोकलमधून उतरलो आणि मैत्रिणीनं बॅगेतून एक डबा काढून दाखवला. हिरवं झाकण, वर पानाचं चित्र, खाली 'वजन कमी, गॅरंटीड' आणि एक मोबाइल नंबर. बस्स. कोणी बनवलं, आत काय आहे, कधीपर्यंत चालेल, काही म्हणजे काही नाही. रील बघून मागवलेलं. "डॉक्टरांना विचारलंस?" तर उत्तर ठरलेलं, "हर्बल आहे गं, त्यानं काय होतंय!"

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. केस गळतात? हर्बल तेल. जिमला जायचंय? अश्वगंधा. परीक्षा आली? ब्राह्मीच्या गोळ्या. गंमत म्हणजे आपल्या आज्या असं कधीच म्हणाल्या नसत्या. बिब्बा हाताळताना त्या किती जपायच्या! बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुर्वेदातही बिब्बा, बचनाग, कुचला ही द्रव्यं शुद्ध केल्याशिवाय औषधात घालत नाहीत. वनस्पतीत औषध असतं, तसंच विषही असू शकतं, हे परंपरेनंच सांगितलंय. 'साइड इफेक्ट नाहीच' ही भाषा जाहिरातवाल्यांची.

जवळचंच उदाहरण घ्या. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१मध्ये या डॉक्टरांनी ही प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की गुळवेल सुरक्षित आहे; रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हेच या अभ्यासात तपासलेलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी, 'टिनोस्पोरा क्रिस्पा' नावाची तिची बहीण यकृताला घातक ठरू शकते. पुढे २०२२मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वाद बाजूला ठेवा. दोन्ही बाजू ऐकल्या तरी आपल्यासाठी प्रश्न एकच उरतो: आपल्या पेल्यात नेमकं काय आहे, हे आपल्याला माहीत आहे का?

वजन कमी करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट आणखी गंभीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये स्लिमिंगसाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून 'अ‍ॅरिस्टोलोकिया' गेली आणि शंभरहून जास्त जणांची, त्यातही बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं रासायनिक औषध हृदयाला धोका म्हणून २०१०मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून गेलं. तेच औषध 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेल्या डब्यांत लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय. म्हणजे बाहेर पान, आत भलतंच.

मग कायदा काय करतो? करतो बरंच. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी वेगळं प्रकरण आहे. ती बनवायला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं. पण एक मोठी फट आहे. ही औषधं बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही! अ‍ॅलोपॅथीची गोळी विकणाऱ्या केमिस्टकडे परवाना हवा. चूर्ण मात्र किराणा दुकानदार, जिमचा ट्रेनर, इन्स्टावरची ताई, कुणीही विकू शकतं. म्हणून डबा हातात आला, की पहिली तपासणी आपल्यालाच करावी लागते.

ती दोन मिनिटांत होते. लेबलवर 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द, घटकांची यादी, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. बिब्बा, बचनाग, धोतरा यांसारखी विषारी द्रव्यं पोटात घ्यायच्या औषधात असतील, तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशाराही हवा. लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर दिसला, तर ते औषध नाहीच. कायद्यानं ते अन्न आहे. त्यानं आजार बरा करण्याचा दावा करायचाच नाही. आणि मधुमेह किंवा लठ्ठपणा घालवण्याची, उंची वाढवण्याची जाहिरात? १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं तिला बंदी आहे. लोकलच्या डब्यातली अर्धी स्टिकर्स आठवली ना?

याचा अर्थ आयुर्वेदाला रामराम ठोका, असा मुळीच नाही. उलट आयुर्वेद घ्यायचा, तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर काढा, चूर्ण, कॅप्सूल जे काही चालू असेल ते न विचारता सांगा. आपण 'औषधं चालू नाहीत' म्हणतो, कारण काढ्याला आपण औषध समजतच नाही. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, सतत मळमळ, भूक मरणं असं काही झालं, तर घेणं थांबवा आणि डबा घेऊनच डॉक्टरकडे जा. डब्याबद्दल संशय असेल, तर एफडीएची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८०० २२२ ३६५. औषधाचा त्रास झाला, तर कळवायला देशपातळीवरचा नंबर १८०० १८० ३०२४.

त्या संध्याकाळी मैत्रिणीनं डब्यावरचा नंबर फिरवला. स्पीकर ऑन. "तुमचा परवाना क्रमांक काय?" पलीकडून हसण्याचा आवाज, "मॅडम, नॅचरल आहे हे. परवाना कशाला लागतो?"

तिनं फोन ठेवला. हजार रुपये गेले म्हणून थोडी चिडली. पण डब्याचं झाकण तिनं काही उघडलं नाही.